शपथेची जिलबी

अंबडला आमच्या कारखान्याच्या गेटसमोर जिलबीची आणि चहाची एक गाडी उभी असायची. ‘आमच्या’ म्हणजे वडील ज्यात कामाला होते त्या. मालकी आमची कशावरच नव्हती. दारू सोडणाऱ्या माणसाची शपथ त्या गाडीपाशी पुरी व्हायची. तोंडाने बोलायचं ते आधीच बोलून झालेलं असायचं. मग शपथ घेणाऱ्याने गरम जिलबी उचलून वडिलांना अर्धी भरवायची आणि वडिलांनी उरलेली अर्धी त्याला. दोघांनी खाल्ली की दोघेही बांधले गेले.

त्यानंतर दर सभेत जिलबीचं ताट फिरायचं. मधल्या काळात ज्याने दारू घेतली असेल, त्याने जिलबी न उचलता ताट पुढे सरकवायचं. कोणी काही विचारायचं नाही, टोमणा मारायचा नाही. ताट सरकवलं हाच कबुलीजबाब. त्या माणसाने पुढच्या सभेत पुन्हा शपथ घ्यायची. मिशा पिळणारी माणसं ताट हातात आल्यावर खाली बघताना मी पाहिली आहेत. खोटं खाणारे फार थोडे निघाले. बायकोच्या तोंडावर बेधडक खोटं बोलणारा माणूसही त्या ताटासमोर अडखळायचा.

वडिलांना मी आप्पा म्हणायचे आणि अख्खी वस्तीही आप्पाच म्हणायची. प्रेसशॉपमध्ये ते पत्र्याला आकार देणारं मशीन चालवायचे आणि शिफ्ट संपली की दारूबंदीचं काम करायचे. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला हे काम त्यांनी एका मित्राबरोबर सुरू केलं. मित्र त्याच खात्यात होता. ताटाची रीत या दोघांनी मिळून ठरवली होती. त्या मित्राला मी काका म्हणायचे, अहो-जाहो करायचे. इथे करणार नाही.

काका पत्रकं लिहायचा. आप्पांना बोलता यायचं, लिहिताना ते अडायचे. ते बोलत आणि काका आमच्या स्वयंपाकघरातल्या पाटावर बसून कागदावर उतरवी. शहरातल्या द्वारका चौकाजवळच्या छापखान्यातून गठ्ठे आले की घड्या घालायचं काम माझं. शाळेच्या पुस्तकाआधी मी ती पत्रकं वाचायला शिकले. माझ्या पहिल्या जोडाक्षरांत ‘सर्वनाश’ हा शब्द होता, याचं आईला फार हसू यायचं.

जरा मोठी झाल्यावर मी शाळेच्या वार्षिकासाठी एक निबंध लिहिला आणि काकाला दाखवला. त्याने पेन काढून अर्धे शब्द खोडले.

“विशेषण घालायचं नाही,” तो म्हणाला. “आरोप घालायचा. विशेषण वाचून माणूस हसतो. आरोप वाचला की त्याची झोप उडते.”

हे मी विसरले नाही. ते त्याच्याच उपयोगी पडेल असं मात्र त्याला वाटलं नसावं.

वस्तीच्या तोंडाशी देशी दारूचं दुकान होतं. पुढे असा नियम आला की दुकान बंद करायचं का, यावर बायकांचं मतदान घेता येतं. मतपत्रिकेवर एक उभी बाटली आणि एक आडवी. आडवीवर शिक्का म्हणजे दुकान बंद. पण यादीतल्या एकूण बायकांपैकी निम्म्याहून जास्त शिक्के आडवीवर पडायला हवेत. म्हणजे घरी बसलेली बाई आपोआप उभ्या बाटलीच्या बाजूची. आप्पा वर्षभर दारोदार फिरले. मला तेव्हा अकरावीचा अभ्यास होता, तरी मीही फिरले. त्याच वर्षी काकाच्या मेहुण्याने त्या दुकानात भागीदारी घेतली. काका म्हणाला, “मेहुण्याचं मेहुण्यापाशी. माझा काय संबंध?” आप्पांनी मान डोलावली. मित्रावर संशय घेणं त्यांना जमायचं नाही.

मतदानाच्या थोडं आधी कारखान्याची वार्षिक वैद्यकीय तपासणी झाली. आप्पांच्या रक्तात साखर जास्त निघाली. सोनोग्राफीत लिव्हरवर चरबी दिसली. रिपोर्ट घेऊन आम्ही दोघं द्वारकेच्या एका डॉक्टरांकडे गेलो.

“किती घेता?” डॉक्टरांनी कागदावरून नजर न काढता विचारलं.

“काय?”

“ड्रिंक्स हो. रोज की आठवड्याला?”

“मी घेत नाही.”

“सगळे हेच सांगतात. मी काय पोलीस नाही. खरं सांगितलं तर औषध नीट देता येईल.”

“डॉक्टर, मी दारूबंदीचं काम करतो.”

डॉक्टर हसले. “मग टेन्शन जास्तच असेल.”

बाहेर आल्यावर आप्पाही हसले. घरी येऊन त्यांनी हा किस्सा काकाला रंगवून सांगितला. डॉक्टरांच्या आवाजाची नक्कलसुद्धा केली. काका इतका हसला की त्याच्या हातातला चहा बशीत सांडला.

मतदानाच्या आठवड्यात पत्रक निघालं. दारादारांत खुपसलेलं होतं. खाली कुणाचं नाव नाही, छापखान्याचंही नाही. मजकूर दोन ओळींचा: ‘लिव्हर कशाने खराब होतं, ते डॉक्टरला विचारा. कोणाचं खराब झालंय, ते ताट फिरवणाऱ्याला विचारा.’

मी ते दारातच उभी राहून वाचलं. विशेषण एकही नव्हतं.

आईने शेजारच्या मावशीला हाक मारली. ही मावशी आमच्या प्रचारात सगळ्यात पुढे असायची. तिने डोक्यावरचा पदर सारखा केला.

“आमचं काय नाय वो,” ती म्हणाली. “पण आमचा मालक सकाळधरनं हसतोय. म्हनतो, ज्याचं त्याला सुटंना आन् मला शपथा घालतोय. आता मी कोन्च्या तोंडानं जाऊ?”

ती मतदानाला गेली नाही. पुष्कळ जणी गेल्या नाहीत. दुकान राहिलं.

आप्पा दुसऱ्या दिवशी काकाला फक्त एवढंच म्हणाले, “माझ्या घरात बसून ऐकलंस.” काकाने विचारलं, “काय ऐकलं?” आप्पा मशीनकडे वळले. काका पुढे युनियनच्या कमिटीवर गेला.

आता जे सांगते ते बाहेरच्या माणसाला खरं वाटणार नाही. ताटाची रीत ज्यांनी पाहिली आहे त्यांना वाटेल. आप्पांना साखर होती आणि डॉक्टरांनी गोड बंद सांगितलं होतं. पण सभेत ताट समोर आलं आणि आप्पांनी ते पुढे सरकवलं, तर त्याचा अर्थ एकच निघत होता. तो अर्थ त्यांनीच लोकांना शिकवला होता. म्हणून आप्पा जिलबी उचलायचे. आधी एक उचलत, आता लोकांना दिसेल अशी दुसरीही. कोणाच्या घरी शपथेचं वर्ष पुरं झालं की बोलावणं यायचं आणि पाक ओघळणारी बशी पुढे यायची. घरातला मुलगा टक लावून बघत असायचा, आप्पा खातात की नाही. आप्पा खायचे. दारू पीत नाही हे सिद्ध करण्यासाठी माझे वडील साखर खात होते आणि त्या साखरेने त्यांचं लिव्हर आणखी चरबीचं होत होतं. मग लोक त्या लिव्हरकडे बोट दाखवून म्हणत होते, पितोच तो.

मी त्यांच्याशी भांडले. आई रडली. ते म्हणाले, “बंद केली की तो जिंकला.”

डॉक्टरांकडे जाणंही त्यांनी सोडलं. दर ठिकाणी पहिला प्रश्न तोच असायचा. पायाला पत्रा लागून झालेली जखम महिनोन् महिने भरेना. डोळ्यांवर अंधारी यायला लागली. प्रेसवर नजर चुकली तर बोटं जातात, म्हणून त्यांना स्टोअरमध्ये बसवलं. जो माणूस मशीनच्या आवाजावरून बिघाड ओळखायचा, तो आता हातमोजे वाटत बसायचा.

मी बायोकेमिस्ट्री घेतली ती ज्ञानाच्या ओढीने नाही. वर्गात सगळे कारणं सांगायचे: कोणाला फार्मा कंपनीत जायचं होतं, कोणाला परदेशात. मला एका माणसाला खोटं पाडायचं होतं. दारूचा थेंब न घेता लिव्हर खराब होतं, हे मला नुसतं ऐकायचं नव्हतं, हाताने करून बघायचं होतं.

एमएस्सीच्या प्रोजेक्टला मला याच विषयावर काम करणाऱ्या मॅडम मिळाल्या. आमच्या प्रयोगशाळेत उंदरांचे दोन गट होते. एकाला साधं खाद्य, दुसऱ्याला भरपूर साखर आणि वनस्पती तूप घातलेलं. ते खाद्य मळताना मला पहिल्या दिवशीच कळलं की मी काय मळते आहे. मैदा तेवढा नव्हता, बाकी जिलबीच.

काही आठवड्यांनी दोन्ही गटांतली लिव्हरं ट्रेमध्ये शेजारी-शेजारी होती. एक गडद, तुकतुकीत. दुसरं फिकट, बोटाला तुपकट लागणारं. त्या उंदराच्या पिंजऱ्याजवळ कोणी बाटली नेली नव्हती. मी ट्रे धरून उभी राहिले. मॅडमना वाटलं मला कसंतरी होतंय, म्हणून त्या म्हणाल्या, “बाहेर जाऊन ये जरा.” मला कसंतरी होत नव्हतं. मला तो ट्रे उचलून अंबडला न्यावासा वाटत होता.

एका रविवारी मॅडमच्या परवानगीने मी आप्पांना प्रयोगशाळेत नेलं. ते चप्पल दाराबाहेर काढून आत आले. मी दोन परीक्षानळ्यांत दोन्ही लिव्हरांचा लगदा सारखाच घेतला आणि दोन्हींत हायड्रोजन पेरॉक्साइड टाकलं. पहिल्या, साध्या खाद्यावरच्या लिव्हरच्या नळीतून फेस उसळून बाहेर आला. दुसरीत तो अर्ध्यावर येऊन बसला.

“हा फेस कसला?” आप्पांनी विचारलं.

मी त्यांना त्यांच्याच कारखान्यातलं सांगितलं. ग्राइंडिंगला ठिणग्या उडतात तशा पेशीतही उडतात. अन्न जाळून ताकद काढायची तर ठिणगी उडणारच. म्हणून लिव्हरने स्वतःच वाळूच्या बादल्या ठेवलेल्या असतात. त्या बादल्या म्हणजे एन्झाइम. एक ठिणगीचं पेरॉक्साइड करतं, दुसरं त्या पेरॉक्साइडचं पाणी करतं. या दुसऱ्याचं नाव कॅटलेज, फेस येतो तो त्याच्यामुळे. आणखीही आहेत. रोज साखर आणि तूप ओतलं की लिव्हरमध्ये चरबी साठते, ठिणग्या वाढतात आणि बादल्या पुरेनाशा होतात. मग इन्सुलिन दारावर येऊन सांगतं की बाबा, रक्तात साखर पुष्कळ झाली, आता तुझी सोडू नकोस. पण आत धूर इतका की लिव्हरला ऐकूच येत नाही. ते साखर सोडतच राहतं.

आप्पा दुसऱ्या नळीकडे बघत राहिले. “म्हणजे बहिरं झालं.”

“हो.”

“मग बादल्या भरायचं औषध द्या की.”

“तेच शोधतायत. पेशीच्या आतली ही एन्झाइमं वाढवली तर लिव्हरला पुन्हा ऐकू येईल का, यावर जगभर काम चाललंय. उंदरांत थोडी आशा दिसते. माणसासाठी अजून काही हातात नाही.”

“मेडिकलवाला देतो ना अँटिऑक्सिडंटच्या गोळ्या? स्टोअरमधला एक जण घेतो.”

“नुसतं एन्झाइम गिळलं तर पोट ते डाळीसारखं पचवून टाकतं, आप्पा. लिव्हरपर्यंत पोहोचत नाही. बाकीच्या गोळ्यांचाही भरवसा नाही. सध्या एकच खरं आहे, आधी ओतणं थांबवायचं. वजन उतरलं, गोड थांबलं, तर लिव्हर स्वतःहून सावरतं.”

त्यांनी चप्पल पायात घातली. जिना उतरताना म्हणाले, “ते माझ्या हातात कुठंय?”

जिन्यातच माझं ठरलं. जोवर त्यांच्या नावावरचा डाग जात नाही, तोवर ते ताट सरकवणार नव्हते. ताट सरकवलं नाही तर माझं सगळं शिक्षण फुकट होतं. लोक सुडाला रोग म्हणतात. आमच्या घरात तो औषधोपचार होता.

संधी मी शोधायला गेले नाही. ती स्वतःच्या पायांनी घरी आली. त्या वर्षी काका युनियनच्या सेक्रेटरीपदासाठी उभा होता. पुढारीपणाचा चहा, सत्काराचे पेढे, मालकाकडची जेवणं यांनी त्याचं पोट चांगलं सुटलं होतं. कारखान्याच्या तपासणीत त्याच्याही लिव्हरवर चरबी निघाली. त्याच्या विरोधकांनी फार कष्ट घेतले नाहीत. जुनंच वाक्य नवीन नावाला लावलं. त्याच्या मेहुण्याचं दुकान होतंच, त्यामुळे लोकांना पटायला वेळ लागला नाही.

आप्पा घरी नाहीत असं बघून तो आला. आईने त्याला पाणी दिलं, चहा विचारला नाही.

“तू शिकलीस,” तो मला म्हणाला. “गेटवर दोन शब्द बोल. दारू न पिताही लिव्हर खराब होतं, हे तुझ्या तोंडून लोक ऐकतील. मी थेंब घेत नाही, तुला माहीत आहे.”

“माहीत आहे.”

“मग?”

“बोलते. पण आधी तुम्ही एक पत्रक वाचायचं. गेटवर, शिफ्ट सुटताना. मी लिहून ठेवलंय.”

खरंच लिहून ठेवलेलं होतं, कॉलेजच्या पहिल्या वर्षापासून. त्याने वाचलं: ‘आप्पांचं लिव्हर खराब आहे हे त्यांनी मला मित्र म्हणून सांगितलं. ते दारू पीत नाहीत हे मला माहीत होतं. तरी मी पत्रक काढलं, कारण दुकानात माझ्या मेहुण्याची भागीदारी होती. आप्पांनी आजवर दारू घेतलेली नाही.’

त्याने खिशातून पेन काढलं. सवयच ती. पण खोडायला काही सापडेना.

“हे दुसरं वाक्य काढ,” तो म्हणाला. “मला तेव्हा लिव्हरबद्दल काय माहीत होतं? मला वाटलं, असेल घेत चोरून.”

“तुम्हाला लिव्हर माहीत नव्हतं. आप्पा माहीत होते.”

“पोरी, मी तुला लिहायला शिकवलं.”

“म्हणून तर विशेषण नाही त्यात.”

आई आतून म्हणाली, “पाणी पिऊन झालं असेल तर भांडं ठेवा तिथेच.”

त्याला निवडणूक हवी होती. तो कबूल झाला.

दुपारची शिफ्ट सुटायच्या वेळी गेटवर गर्दी होती. वस्तीतल्या बायकाही आल्या होत्या, मावशी पुढेच. आप्पांना मी फक्त सभा आहे एवढंच सांगितलं होतं. काकाने कागद उघडला आणि पुटपुटायला सुरुवात केली.

“ए सेक्रेटरी, मोठ्यानं,” मागून कोणीतरी ओरडलं. “मालकाला अर्ज देतोय का?”

हशा झाला. त्याने पहिल्यापासून पुन्हा वाचलं. दुसऱ्या वाक्याला थांबला. मी त्याच्याकडे बघत होते. त्याने ते वाचलं. मेहुण्याच्या वाक्याला मागचे लोक पुढे सरकले. मावशीने पदर तोंडाला लावला आणि ती म्हणाली, “अगं बाई, आन् आमी घरात बसलो.” तिने आप्पांकडे बघितलं नाही.

ठरल्याप्रमाणे आता मी बोलायचं होतं. काका बाजूला होऊन मला जागा देत होता. मी हात वर केला आणि जिलबीवाल्याला म्हटलं, “आधी ताट.”

ताट निघालं. आप्पांच्या हातात आलं. इतक्या वर्षांत मी पहिल्यांदा त्यांना ताटाकडे नीट बघताना पाहिलं, जणू त्यात काय असतं हेच त्यांना ठाऊक नव्हतं. मग त्यांनी ते शेजारच्याला दिलं.

“मला साखर आहे,” ते म्हणाले. “बंद सांगितलंय.”

कोणी हसलं नाही, कोणी कुजबुजलं नाही. शेजारच्याने जिलबी उचलली आणि ताट पुढे गेलं.

ते काकापाशी आलं. त्याने माझ्याकडे बघितलं. त्याच्याही लिव्हरवर चरबी होती. त्यालाही डॉक्टरांनी तेच सांगितलं असणार. पण त्याच्या बाजूने अजून कोणी काही बोललं नव्हतं. बोलणार होते ती मी, आणि मी गप्प उभी होते. त्याचा अंगठा ताटाच्या काठावर होता, सरकवायच्या बेतात.

“का वो,” मावशी म्हणाली, “तुमी नाय घेत?”

मी पुढे झाले. ताटातली सगळ्यात भरलेली जिलबी उचलली आणि त्याच्या तोंडाशी धरली. त्याला तोंड उघडावं लागलं. ही रीत त्यानेच ठरवली होती, त्यामुळे तिच्यातली पळवाट त्याला शोधायची सवय नव्हती. तो चावत असताना मी त्याच्या गळ्याकडे बघत होते. इथून ती कुठे जाईल, तिचं काय होईल, कोणत्या पेशीत ठिणगी उडेल, कोणती बादली कमी पडेल, हे सगळं त्या गर्दीत एकट्या मला माहीत होतं. एका जिलबीने काही होत नाही, हेही माहीत होतं.

“आणखी एक घ्या, काका.”

“पुरे,” मागून आप्पा म्हणाले.

मी दुसरीही भरवली. पाक त्याच्या हनुवटीवरून सदऱ्यावर उतरला. मग मी लोकांकडे वळले आणि लिव्हरबद्दल कबूल केलं होतं ते सगळं बोलले, एकही शब्द न गाळता. दारू न घेताही कसं होतं ते सांगितलं, काकाचं नावही घेतलं, तो पीत नाही हेही सांगितलं. मी शब्द मोडत नाही. फक्त क्रम माझा होता.

तो निवडून आला की नाही, हे मी विचारलं नाही. दुकान अजून तिथेच आहे, त्याची वेगळी लढाई आहे. त्या दिवशी गर्दी पांगल्यावर आप्पा गाडीपाशी गेले आणि बिनसाखरेचा चहा मागितला. जिलबीवाल्याने दोनदा विचारून खात्री करून घेतली, मग भांडं धुवून नव्याने चढवलं. आप्पांनी पहिला घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं.

“कडू आहे,” ते म्हणाले, आणि पुरा प्याले.